मागे घेतलेला शब्द

११ फेब्रुवारी १९७३

राग कुठेतरी ओतावा म्हणून लिहायला बसलो आहे. या गावात बोलायला कोणी नाही.

शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीचा गटसचिव म्हणून इथे आलो तेव्हा पावसाळा तोंडावर होता. तो काही आला नाही. चकलांब्याच्या पुढे, आमच्या नगर जिल्ह्यातल्या शेवगावच्या हद्दीला जवळजवळ चिकटून असलेलं हे बीड जिल्ह्यातलं गाव. तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, घर जवळ आहे, माणसंही आपल्यासारखीच असतील.

पाणी उरलंय ते नदीकाठच्या सोसायटीच्या विहिरीत. ही विहीर चेअरमन भगवानरावांनी खोदून घेतली, भोवती दगडी कठडा घालून लोखंडी फाटक बसवलं, वर इंजिन आणलं. हे सगळं त्यांनी केलं, मी नाकारत नाही. पण फाटकाची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. रेशनच्या मिलोची, त्या अमेरिकन लाल ज्वारीची, पोती आली की आधी कोणाला द्यायची हे तेच ठरवतात. सोसायटीचे बाकीचे संचालक सभेला येतात, चहा पितात, अंगठे उठवतात.

आज सोसायटीच्या दुकानासमोर मिलोसाठी रांग लागली होती. खालच्या वस्तीतला सटवा पुढे आला. ही वस्ती ऊसतोडीला दरसाल नगरकडे जाते. यंदा ऊसच नाही, कारखाने लवकर बंद पडले, म्हणून सगळे लवकर परतलेत. सटवा भगवानरावांना म्हणाला, "दादा, माणसाला दोन घागरी आन् तुमच्या मोसंबीला पाट, ह्ये कसं?"

भगवानराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. सावकाश म्हणाले, "उद्यापासून खालच्या वस्तीनं नदीत झिरे करावे. इहिरीवर यायचं न्हाई."

झिरे म्हणजे वाळूत खणलेले खड्डे. रांग खाली बघत पुढे सरकली.

१३ फेब्रुवारी

आज सोसायटीच्या ओट्यावर सभा झाली. भगवानराव लोडाला टेकून बसलेले, शेजारी उपाध्यक्ष गहिनीनाथ. ओट्याखाली रांगेतली माणसं उभी.

"खालच्या वस्तीचं पाणी बंद. तसा ठराव लिवा," भगवानराव मला म्हणाले.

"असा ठराव करता येत नाही दादा. ते सभासद आहेत."

"करता येत न्हाई? मी करतोय की."

गहिनीनाथ म्हणाला, "लिवा की शेक्रेटरी, कावून थांबलात?"

मी लेखणी खाली ठेवली आणि म्हणालो, "मी लिहिणार नाही. ही काय मोगलाई आहे का?"

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "मोगलाई म्हणला बे."

भगवानराव उठले, टोपी घातली आणि चालू लागले. खरं सांगायचं तर त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटलं. कोणीतरी त्यांना तोंडावर बोलायलाच हवं होतं.

आणि मी असं काय मोठं बोललो? आम्ही भावंडांनी दह्याचं मडकं रिकामं केलं की आई म्हणायची, घरात मोगलाई माजलीय. ज्याला कोणी विचारणारं नाही, ज्याला वाटेल ते करता येतं, त्या कारभाराला आमच्याकडे दुसरा शब्दच नाही.

१५ फेब्रुवारी

काल सकाळी आसारामच्या हॉटेलात गेलो. त्याने चहा दिलाच नाही. फडक्याने टेबल पुसत राहिला. पुन्हा मागितला तेव्हा म्हणाला, "तुमच्या गावाकडं जाऊन प्या साहेब. हितं मोगलाई हाय."

लोक हसले. पण ते हसणं वेगळं होतं.

मला वाटलं होतं भगवानराव रागावतील. गाव कशाला रागावलं? मी बोललो ते त्यांच्याच बाजूने. ज्यांची लेकरं तहानलेली, तेही माझ्याकडे पाठ करून उभे राहतात. आज दुकानात मापाडीसुद्धा माझ्याशी मोजकंच बोलला.

त्यात पाण्याची कटकट. सटव्याची बायको छबुबाई माझं पाणी भरते. वस्तीला फाटक बंद असलं तरी सेक्रेटरीच्या नावाच्या दोन घागरी तिला मिळतात. पण खोलीवर येईपर्यंत एकच घागर, तीही अर्धी. आज विचारलं, "वाटेत सांडतं का?"

"सांडतं की," म्हणाली.

"चुंबळ नीट करत जा. पाण्याचे दिवस आहेत का हे सांडायचे?"

"व्हय साहेब," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून गेली. या लोकांना वस्तूची किंमत नाही असं मनात आलं. मग वाटलं, उगाच रागावलो.

१७ फेब्रुवारी

संध्याकाळी सटवा आला. दारातच बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"साहेब, तुमी आमच्यासाठी बोललात. दुसरं कुणी बोललं नसतं," तो म्हणाला. "पर त्यो शब्द कावून काढलात?"

"भगवानरावांना म्हणालो मी. तुम्हाला नाही."

"तुमच्याकडं कारखान्यावर पाण्याची टाकी आसती. आमी हंडे घेऊन गेलो की टाकीवरचा माणूस म्हणतो, ए मोगलाई, मागं सर. माझं नाव त्येला ठाव न्हाई. माझ्या बापालाबी त्यो तेच म्हणायचा. गाडी आडवी आली, मोगलाई. पोरगं रडलं, मोगलाईचं पोरगं. निजाम गेला तवा बापाला वाटलं, आता ह्ये नाव जाईल."

मी समजावायला गेलो. म्हणालो, मोगलाई म्हणजे जुलमी, बेबंद कारभार, तो माणसांना लावायचा शब्दच नव्हे.

"आसंल," तो म्हणाला. बिडी जमिनीवर विझवली. "तुमी सभेत म्हणलात तवा मला वाटलं, टाकीवरच हाय मी."

तो गेल्यावर आठवलं. आमच्या गावात एखादीचं लग्न हद्दीपलीकडे, निजामाच्या जुन्या मुलखात ठरलं की बायका म्हणायच्या, पोरगी मोगलाईत दिली. हळहळून म्हणायच्या. ती पोरगी याच कुठल्यातरी गावात आली असेल. त्या "मोगलाईत"चा अर्थ मी कधी विचारला नव्हता. गाव कशाला रागावलं ते आता थोडंफार कळतंय. पण मग मी त्या माणसाला म्हणू तरी काय? आमच्याकडे जुलमाचं नाव आहे, तेच यांच्याकडे गावाचं नाव निघावं, हा कुठला न्याय?

२० फेब्रुवारी

आज भगवानरावांच्या घरी गेलो. माफी मागायला नाही, समजावून सांगायला.

ते घरी नव्हते. त्यांच्या थोरल्या भावजय भिवराबाई ओसरीवर मिलो निवडत होत्या. पांढऱ्या केसांच्या, सरळ पाठीच्या. मला बसायला सांगितलं आणि सुपावरची नजर न काढता म्हणाल्या, "आमच्या मालकाला रझाकारांनी नेलं. दिसलंच न्हाईत परत. त्या सालात ह्ये धाकले दीर तुमच्या हद्दीत जायचे, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात निरोप पोचवायला. मग घर जाळलं. मी तितं, त्या लिंबाखाली उभी व्हते. त्येला आमी मोगलाई म्हणतो बाबा. दही खाल्लं त्येला न्हाई."

दह्याचं कोणी सांगितलं यांना? मी मापाड्याला म्हणालो होतो खरा. इथे काही झाकून राहत नाही.

"मला हे माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"कसं आसंल. पर कुलूप लावलं त्ये मलाबी पटलं न्हाई."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"सांगितलं की. तोंड फिरवून झोपले."

एवढ्यात भगवानराव आले. मला बघून थांबले, मग समोर बसले. मला वाटलं होतं तसं काही नाही. आवाज अगदी मऊ.

"शहादेव, पोलीस ॲक्शन झाली तवा केवढा व्हतास तू?"

"रांगत असेन."

"मग सोड. मला काय बी म्हण, मी ऐकून घेईन. त्यो शब्द सोडून दुसरा घे."

मला वाटलं ही संधी आहे. म्हणालो, "हुकूमशाही."

"ती पेपरात आसती. रांगेतल्या म्हातारीला इचार, तिला कळती का."

"मनमानी."

"मनमानी करतोच मी. न करून भागतंय? धा जणान्ला इचारत बसलो आसतो तर इहीर झाली आसती का? शेजारच्या गावात लोकशाही हाय, तितं प्यायला पाणी न्हाई."

"एकतंत्री कारभार."

ते हसले. भिवराबाईसुद्धा गालात हसल्या. "बघ," भगवानराव म्हणाले, "तुला शब्दच घावंना. कावून, तर मी तसा न्हाईच."

मी निघालो. तेव्हा ते म्हणाले, "आन् तुझ्या घागरी कुठं रिकाम्या व्हत्यात, मला ठाव हाय. मी आडवलं का? एवढं ध्यानात ठेव."

याचा अर्थ मला लागला नाही. माझ्या पाण्यावरही त्यांची नजर आहे, एवढंच कळलं. परतताना वाटेत उत्तरं सुचायला लागली, एकाहून एक चोख. धोंड्याला लाथ मारली आणि अंगठा फोडून घेतला.

२६ फेब्रुवारी

गेवराईला सहकार खात्याच्या साहेबांनी बोलावून घेतलं होतं. बसायलाही सांगितलं नाही.

"स्वातंत्र्यसैनिकाला मोगलाई म्हणालात?"

"साहेब, त्यांनी सभासदांचं पाणी बंद केलं आहे. त्याची चौकशी..."

"ते चेअरमन बघतील. आम्हाला या भागात दुष्काळ सांभाळायचा आहे, तुमचे शब्द नव्हे. भर सभेत शब्द मागे घ्या. नाहीतर घरी बसावं लागेल."

घरी आई आहे आणि शिकणारी बहीण आहे. साहेबांना ते ठाऊक असावं.

परतताना नदीतून चालत आलो. खालच्या वस्तीच्या बायका वाळूत खड्डे करून बसल्या होत्या. पाणी झिरपतं तेव्हा वाटीने उचलून घागरीत टाकायचं. एक वाटी भरली की पुन्हा वाट बघायची. खड्डे आता माणूस आत उतरेल इतके खोल गेलेत. त्यांच्याजवळून गेलो तरी कोणी मान वर केली नाही. मी मनाशी घोकत होतो, मागे घेतो म्हणायचं की खेद व्यक्त करतो म्हणायचं. "खेद" बरा वाटला. त्यात वाकावं लागत नाही.

४ मार्च

सटव्याची आई सुभद्राबाई झिऱ्यात उतरली होती. कडेची वाळू ढासळली. कमरेपर्यंत गाडली गेली. बायकांनी हातांनी वाळू उपसून तिला बाहेर ओढलं. पाय मोडलाय. सोसायटीची पोती घेऊन आलेला ट्रक मी थांबवला आणि तिला बीडला पाठवलं. ड्रायव्हर कुरकुरला तेव्हा त्याच्यावर इतका ओरडलो की आवाज बसला.

ट्रकमध्ये म्हातारी शुद्धीवर होती. मुठीत अजून ती वाटी. छबुबाईने मूठ सोडवायचा प्रयत्न केला, तिने सोडली नाही.

संध्याकाळी गहिनीनाथ सांगत आला, शुक्रवारी मारुतीच्या पारावर सर्वसाधारण सभा, विषय एकच, माझा शब्द. मी म्हणालो, "आणि म्हातारीचा पाय?"

"त्यो इषय पत्रिकेवर न्हाई," तो म्हणाला. थट्टेने नाही. खरंच म्हणाला.

८ मार्च

उद्या माफी मागितली तर भगवानराव जिंकले. नाही मागितली तर गाव त्यांच्याच मागे उभं राहणार, आणि माझी जागाही जाणार. एका शब्दाने त्यांच्यावरचा सगळा आरोप धुऊन काढलाय. तो शब्द मीच त्यांच्या हातात दिला. आता पाण्याचं कोणी बोलतच नाही, सगळे माझंच बोलतात.

छबुबाईला म्हणालो, "उद्या मी शब्द मागे घेणार आहे. तुमच्यासाठी भांडायला माझ्याकडे काही उरणार नाही."

ती घागर उतरवत होती. म्हणाली, "घ्या की मागं. आमाला त्यो जिवाला लागतोच साहेब."

मग जाताना दारात थांबून म्हणाली, "आन् इहिरीचं म्हणाल तर, त्ये आमचं आमी इचारू."

काय विचारणार? इतके दिवस कोणी तोंड उघडलं नाही.

९ मार्च

आजचं आजच लिहून ठेवतो.

पारावर सगळं गाव आलं होतं. बायका लिंबाच्या सावलीत वेगळ्या बसलेल्या. भगवानराव खुर्चीवर, मी त्यांच्या बाजूला उभा. गहिनीनाथने विषय मांडला.

मी बोललो. "खेद" वगैरे जे घोकलं होतं ते ऐनवेळी जिभेवर आलंच नाही. म्हणालो, "मी सभेत मोगलाई म्हणालो. आमच्याकडे तो शब्द कसा वापरतात तेवढंच मला माहीत होतं. इथे लोकांनी त्याच्यापायी माणसं घालवली आहेत, आणि आमच्या हद्दीत तुम्हाला ते नाव लावून मागे सारतात, हे मला माहीत नव्हतं. गावाचं मन दुखलं. तो शब्द मी मागे घेतो."

भगवानरावांनी मान हलवली. माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताने मला जास्त मेल्यासारखं झालं. "झालं, मिटलं," ते म्हणाले. "पोरगा चांगला हाय. नारळ फोडा."

तेवढ्यात मागून सटवा उभा राहिला.

"दादा, साहेबांनी शब्द मागं घेतला. तुमी कुलूप कवा मागं घेता?"

"सटवा, बस खाली."

"बसतो. पर आधी सांगा."

"तुला दिसंना का, सभा कशाची हाय ती?"

"सोसायटीची हाय. माझाबी शेअर हाय सोसायटीत. इहिरीच्या दगडाला माझे हात लागल्यात. माझी आई बीडात पाय बांधून पडलीय. मी कुणाला काय बी नाव ठेवीत न्हाई. कुलूप कवा काढता एवढंच सांगा."

गहिनीनाथ त्याला धरायला निघाला. तेव्हा बायकांतून भिवराबाई उठल्या. "त्येला हात लावू नगंस," त्या म्हणाल्या. "त्यो इचारतोय त्येचं उत्तर मलाबी ऐकायचंय."

भगवानराव त्यांच्याकडे वळले. "वैनी, तुमीबी?"

"मी कवापासून इचारतीय. तुमी तोंड फिरवून झोपता."

कोणीतरी फिसकन हसलं, मग थांबलं. भगवानरावांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. राग होता, पण त्याहून जास्त काही तरी होतं, जसं घरच्याच दारात कोणी ओळख विचारावी. ते मोठ्याने म्हणाले, "माझ्या बापाची न्हाई ती इहीर! सगळ्यांची हाय म्हणून तर जपतो! उद्या आटली तर मलाच इचारनार ना?"

"मग सगळे जपू की," सटवा म्हणाला. "मोसंबीचं पाणी थांबवा, आमीबी दोनाच्या जागी एक घागर घेऊ."

"एक घेऊ," एक बाई म्हणाली. मग दुसरी. मग वरच्या आळीतली माणसं म्हणायला लागली, जी इतके दिवस मिलोच्या रांगेत खाली बघत उभी होती. आसारामही म्हणाला.

भगवानरावांनी खिशात हात घातला. किल्ली काढली आणि टेबलावर आपटली. "घ्या. करा राज्य."

किल्ली तिथेच पडून राहिली. कोणी पुढे होईना. मी सचिव, टेबलाला लागून उभा. मीच उचलायची. पण माझा हात उठला नाही. सटव्याचाही नाही. बोलून झालं होतं, पण ती लोखंडाची किल्ली उचलणं वेगळंच काम होतं.

शेवटी छबुबाई उठली. माणसांमधून वाट काढत आली, डोक्यावरचा पदर सारखा केला, किल्ली उचलली. भगवानरावांच्या पाया पडली. आणि नदीच्या वाटेला लागली. तिच्यामागे बायका उठल्या, भिवराबाईही.

माझ्यापुढे ठरावाचा कागद कोरा होता. गहिनीनाथ कानाशी येऊन म्हणाला, "चेअरमनसाहेबांनी मोठ्या मनानं किल्ली दिली, आसं लिवा."

मी लिहिलं, "सभासदांच्या मागणीवरून फाटक सर्वांना खुले." सहीसाठी भगवानरावांपुढे धरलं. त्यांनी वाचलं. मग सही केली.

१० मार्च

माझी बदली धारूरला. साहेबांचा माणूस सकाळीच सांगून गेला. शब्द मागे घेतला तरी. कशासाठी ते त्याला विचारलं, तो म्हणाला, मला काय माहीत.

संध्याकाळी विहिरीवर गेलो. फाटक उघडं. वरच्या आळीच्या आणि खालच्या वस्तीच्या बायकांची एकच रांग, प्रत्येकीला एक घागर. छबुबाई रांग लावत होती. भगवानराव कठड्यावर बसले होते, रोजच्यासारखे, जिथून विहिरीत उतरायच्या पायऱ्या सुरू होतात नेमके तिथेच. कोणी त्यांना काही म्हणत नव्हतं. येणारी प्रत्येक बाई अंग चोरून त्यांच्या बाजूने कशीबशी उतरत होती.

छबुबाईने ते दोन-तीनदा पाहिलं. मग जवळ जाऊन म्हणाली, "दादा, जरा सरकून बसा. बायकान्ला उतरायला हुईना."

सगळ्या थांबल्या. मीही.

भगवानरावांनी तिच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. मग दोन्ही हात कठड्यावर टेकून, गुडघ्याला कळ लागावी तसे, सरकले.